घरांतील पहिली मोटार आणि तिचा विमा

संस्कृतांत योगक्षेम असा एक अर्थपूर्ण जोडशब्द आहे. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें म्हणजे योग आणि मिळालेलें राखणें म्हणजे क्षेम, अशी त्याची फोड भाष्यकार करितात. भारतीय आयुर्विमा महामंडळानें आपल्या बोधचिन्हांत हा शब्द घेतला तो मोठ्या मार्मिकपणानें घेतला, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. संसारी मनुष्याचा सारा उत्साह योगांत खर्च होतो. क्षेमाचा विचार तो उरलेल्या वेळांत, उरलेल्या पैशांत आणि बहुधा दुसऱ्याच्या सांगण्यावरून करितो. घर बांधतांना हें दिसतें, लग्नकार्यांत दिसतें, आणि मोटार घेतांना तर फारच ठळकपणें दिसतें. रंग कोणता घ्यावा यावर घरांत महिनाभर खल होतो; विम्याच्या कागदावर मात्र विक्रेत्याच्या टेबलापाशीं पांच मिनिटांत सही होऊन जाते.

आमच्या घरीं यंदा पहिली मोटार आली, म्हणून हा विषय सुचला. आम्ही देवळाली कॅम्पांत राहतों. एका बाजूस तोफखान्याची शाळा, दुसऱ्या बाजूस भगूर, मध्यें छावणीचे रस्ते, जुने बंगले, आरोग्यधामें आणि लॅम रोडवरील जुनीं झाडें, असें हें आमचें गांव. आम्हां शाळामास्तरांचा सारा जन्म सायकलीवर आणि नाशिकरोडच्या बसमध्यें गेला, व त्यांत कधीं उणें वाटलें नाहीं. परंतु चिरंजीवांस रोज सातपूरच्या कारखान्यांत जावें लागतें, सूनबाई नाशिकांत शिकवितात, आणि आमच्या कुटुंबाचे गुडघे आतां बसची पायरी चढूं देत नाहींत. तेव्हां नऊ माणसांच्या एकत्र घराला एक लहान मोटार ही चैन राहिली नाहीं, असें सर्वांचें मत पडलें. मायदेशीं परतण्यासाठीं बोटीची वाट पाहत येथें रखडलेल्या गोऱ्या शिपायांमुळें आमच्या गांवच्या नांवावरून इंग्रजी भाषेंत वेड्या मनुष्याला उद्देशून एक शब्द रूढ झाला. तो तिकडील कोशांत अद्याप आहे. मोटार ठरविल्यापासून ती दारांत येईपर्यंत आमच्या घरांतील लहानथोरांची जी स्थिति झाली होती, तिला तो शब्द चांगलाच शोभला असता.

गाडीच्या किंमतीबरोबर विक्रेत्यानें विम्याचा एक लांबलचक तक्ता हातांत दिला व विमा त्याच्याकडूनच घ्यावा लागतो, असेंहि वर ऐकविलें. वाचकांनीं हें आधींच ध्यानांत ठेवावें कीं, असा कोणताहि कायदा नाहीं. मोटारीच्या विम्याचा परवाना असलेल्या कोणत्याहि कंपनीची पॉलिसी चालते. त्या तक्त्यावरून घरांत दोन पक्ष झाले. आमचे धाकटे बंधु टपालखात्यांतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “दादा, कायद्याला लागतो तेवढाच विमा घ्या. बाकीचे पैसे पोस्टांत टाका, व्याज तरी येईल.” चिरंजीव म्हणाले, “अण्णा, नवी गाडी आहे. यांतलें सगळेंच घेऊन टाकूं. मनाला घोर नको.” एकाचें बोलणें काटकसरींतून आलें, दुसऱ्याचें भीतींतून. दोन्हींत हिशेब नव्हता.

शेवटीं सूनबाईंनीं तो तक्ता पुढें ओढला आणि म्हटलें, “अण्णा, प्रत्येक ओळीपुढें आपण एवढेंच लिहूं या: हें नुकसान झालें, तर आपल्याला काय मोडावें लागेल?”

आम्हांस हा प्रश्न फार आवडला. गृहस्थाच्या घरांत ‘मोडणें’ या क्रियापदाला मोठा अर्थ आहे. नोट मोडतात, ठेव मोडतात, दागिना मोडतात, आणि शेवटीं घर मोडतें. ज्या नुकसानीला नुसती नोट मोडून भागतें, त्याचा विमा उतरविणें म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या हातून, कांहीं कपात सोसून, परत घेणें होय. जेथें ठेव मोडावी लागेल, तेथें विमा घेणें शहाणपणाचें. आणि जेथें घरच मोडेल, तेथें विमा किती महाग पडतो हा प्रश्नच उरत नाहीं. विम्याची योग्य पातळी ठरविण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस ठाऊक नाहीं. या मार्गानें पाहूं लागलों, तेव्हां तक्त्यांतील ओळींचा क्रमच उलटा झाला. विक्रेत्यानें आरंभीं गाडी घातली होती, मग आंतील माणसें, आणि तळाशीं, ‘सक्तीचा’ असा शिक्का मारून, रस्त्यावरील तिऱ्हाईत. आमच्या वहींत तिऱ्हाईत पहिला आला.

धोक्याचें मोल आगाऊ ठरविण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. अरण्यांतून माल नेणाऱ्या ऋणकोकडून शेंकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याकडून शेंकडा वीस व्याज घ्यावें, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. धोका अधिक तितकें मोल अधिक, हें तत्त्व त्यांत उघड आहे. परंतु तेथें विचार सावकाराच्या पैशाचा आहे. आपल्या वाहनानें भलत्याच मनुष्याचें नुकसान झालें तर त्याची तजवीज आधींच करून ठेवली पाहिजे, हा नियम मोटारीच्या युगांतला. इंग्लंडांत तो १९३० सालच्या कायद्यानें आला. आपल्याकडील १९१४ चा पहिला मोटार कायदा नोंदणी व परवाने यांपुरताच होता. १९३९ च्या कायद्यांत तिऱ्हाइताच्या विम्याचें प्रकरण घातलें गेलें आणि १ जुलै १९४६ पासून तें अमलांत आलें. सांप्रत १९८८ चा कायदा लागू आहे आणि त्याच्या १४६ व्या कलमान्वयें असा विमा नसलेलें वाहन रस्त्यावर आणणें हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

या गुन्ह्याला दंड पहिल्या वेळीं दोन हजार व पुढें चार हजार रुपये आहे. त्याबरोबर किंवा त्याऐवजीं तीन महिन्यांपर्यंत कैदहि होऊं शकते. पुष्कळ लोक या दोन हजारांशीं हप्त्याची तुलना करितात, आणि तेथेंच त्यांचा हिशेब चुकतो. तुलना कशाशीं करावयाची तें पाहूं. समजा, बत्तीस वर्षांचा एक सुतार आपल्या गाडीखालीं सांपडून दगावला. घरीं आईवडील, पत्नी आणि एक मूल. महिन्याची कमाई २५,००० रुपये, म्हणजे वर्षाची ३,००,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ सालच्या निकालांनीं भरपाईची जी रीत घालून दिली आहे तीप्रमाणें, चाळिशीच्या आंतील स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या उत्पन्नांत भावी वाढीचे शेंकडा ४० मिळवावयाचे, झाले ४,२०,०००. चार अवलंबून असलेलीं माणसें असल्यास त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करावयाचा, राहिले ३,१५,०००. बत्तीस वर्षांच्या वयाला गुणक १६. गुणाकार ५०,४०,००० रुपये. याशिवाय अंत्यविधि वगैरेंच्या ठराविक रकमा निराळ्या. आणि आमच्या लहान मोटारीच्या वर्गाला, म्हणजे १००० ते १५०० सी.सी.च्या गाडीला, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत या विम्याचा हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये होता. नव्या गाडीच्या तीन वर्षांना मिळून १०,६४०, कर निराळा. मनुष्याच्या मृत्यूची किंवा दुखापतीची जबाबदारी या हप्त्यांत कंपनी मर्यादेवांचून पतकरते. तिऱ्हाइताच्या मालमत्तेची साडेसात लक्षांपर्यंत. हा दर सरकार ठरवितें, म्हणून सर्व कंपन्यांचा एकच. येथें घासाघिशीला जागाच नाहीं. हा आंकडा मांडल्यावर आमचे बंधु म्हणाले, “एवढा तर मीहि घ्याच म्हणत होतों.” तें खरेंच होतें. मात्र ते कायद्याच्या धाकानें म्हणत होते. आम्हांस त्याचें कारण निराळें दिसत होतें.

तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. नववींत आमच्याकडे एक मुलगा होता; संस्कृतांत विशेष गति. रूपें पाठ करण्यांत पुष्कळ मुलें हुशार असतात. या मुलाला समास सोडवितांना आनंद होई. वडील भगूरकडील द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीला जात. एके दिवशीं संध्याकाळीं परततांना एका टेंपोनें त्यांस ठोकरलें आणि ते जागींच गेले. टेंपोचा विमा संपून चार महिने झाले होते. न्यायाधिकरणापुढें दावा चालला, निकाल मुलाच्या आईच्या बाजूनें लागला, रक्कमहि ठरली. परंतु टेंपोवाल्यापाशीं कर्जानें घेतलेल्या त्या टेंपोशिवाय कांहीं नव्हतें. त्याचें घर भाड्याचें, आणि त्याचींहि मुलें लहान. निकालाचा तो कागद ती बाई आम्हांस दाखवावयास घेऊन आली होती. याचे पैसे कोठें मिळतात, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. पुढच्या जून महिन्यांत मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आम्हींच भरला. ‘शाळा सोडण्याचें कारण’ या रकान्यांत ‘घरगुती अडचण’ असें लिहिलें. त्या रकान्यांत तेवढेंच मावतें.

तेव्हांपासून तिऱ्हाइताचा विमा हा सरकारी कर नव्हे, तें एक ऋण आहे, असें आम्ही मानीत आलों. शास्त्रकारांनीं देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितलें. रस्त्यावरून पायीं जाणाऱ्या मनुष्याचेंहि मोटारवाल्यावर ऋण आहे, कारण धोका आपण निर्माण करितों आणि तो वाहतो मात्र तो. पॉलिसीची मुदत एक दिवसहि चुकूं देऊं नये, हें आमचें सांगणें त्या दाखल्यावरून आलेलें आहे.

तिऱ्हाइतानंतर गाडींत बसणारीं घरचीं माणसें. येथें एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसते. केवळ कायद्यापुरती पॉलिसी घेतली, तर खासगी मोटारींत बसलेलीं माणसें त्या संरक्षणांत येत नाहींत. सर्वंकष, म्हणजे ज्यास कंपन्या पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात, त्या पॉलिसींत मात्र त्यांची जबाबदारी कंपनीवर येते, असा भेद सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालच्या एका निकालांत स्पष्ट केला. एकत्र कुटुंबाच्या गाडींत आजी, सुना, नातवंडें, पाहुणे असे सर्वच बसणार. आपली गाडी परक्याला सुरक्षित आणि आपल्यांना उघडी ठेवावी, हें कोणास रुचेल? बंधूंचा ‘तेवढाच’ हा शब्द येथें गळून पडला, आणि तो त्यांनीं स्वतःच गाळला.

याच ओघांत गाडी कोणाच्या नांवें असावी हा प्रश्न निघाला. घराची रीत अशी कीं, जें कांहीं स्थावरजंगम घ्यावयाचें तें वडीलधाऱ्याच्या नांवें घ्यावें. म्हणून सर्वांनीं आमचें नांव सुचविलें आणि आम्हांस बरेंहि वाटलें. परंतु पॉलिसींत मालक-चालकाचा पंधरा लक्ष रुपयांचा अपघाती विमा असतो. तेवढाच विमा ज्याचा अन्यत्र आहे त्याला तो पुन्हां घ्यावा लागत नाहीं, इतरांस सक्तीचा. तो मिळतो मात्र नोंदलेल्या मालकाला, आणि तोहि त्याच्यापाशीं चालविण्याचा परवाना असेल तरच. आम्हीं जन्मांत मोटार हांकली नाहीं. आमच्या नांवावर गाडी असती, आणि रोज सातपूरला जाणाऱ्या चिरंजीवांस कांहीं झालें असतें, तर ते पंधरा लक्ष कोणाच्याच कामाचे नव्हते. मान वडिलांचा आणि धोका मुलाचा, अशी वांटणी आम्हांस पसंत पडली नाहीं. गाडी चिरंजीवांच्या नांवें केली. सूनबाईहि गाडी चालवितात; त्यांच्यासाठीं वैयक्तिक अपघाताची स्वतंत्र पॉलिसी घेतली. ती गाडीला बांधलेली नसल्यानें बसमध्यें किंवा दारच्या रस्त्यावर अपघात झाला तरीहि लागू पडते. इतर प्रवाशांसाठीं माणशीं ठराविक रकमेचा अपघाती विमा अल्प हप्त्यांत जोडतां येतो, तोहि जोडला.

आतां प्रत्यक्ष गाडी. सर्वंकष पॉलिसींत आग, चोरी, दंगा, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड आणि बाहेरून झालेला अपघात हीं सर्व येतात. नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षवाल्यांस गारपीट म्हणजे काय तें सांगावयास नको. लॅम रोडवर पावसाळ्यांत झाडाची फांदी कोसळणें, किंवा रात्रीं उसांतून एकाएकीं पुढें आलेला बिबट्या चुकवितांना गाडी खांबावर जाणें, हे आमच्याकडील ओळखीचे धोके. नेहमींची झीज, यंत्राचा आपोआप झालेला बिघाड आणि दारू पिऊन केलेले पराक्रम मात्र कंपनी भरून देत नाहीं. युद्धानें झालेलें नुकसानहि वगळलेलें असतें. आमच्या गांवीं तोफांच्या सरावानें खिडक्या हादरतात, म्हणून हें कलम वाचतांना घरांत थोडें हंसूं झालें.

येथें सर्वांत महत्त्वाचा आंकडा म्हणजे गाडीची विम्यासाठीं धरलेली किंमत, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. गाडी चोरीस गेली किंवा पुरती मोडली, तर मिळावयाची रक्कम तीच. दुरुस्तीचा खर्च या किंमतीच्या पाऊणपटीहून अधिक झाला, तरी गाडी पुरती गेली असें धरतात. नव्या गाडीला दुकानांतील किंमतीच्या शेंकडा ५ वजा करून ही रक्कम धरतात. सहा महिन्यांनंतर वजावट १५, वर्षानंतर २०, दोन वर्षांनंतर ३०, तीन वर्षांनंतर ४० आणि चार वर्षांनंतर पांच वर्षांपर्यंत ५०, असा उतार आहे. हप्ता कमी दिसावा म्हणून कांहीं जण हीच किंमत खालीं आणून दाखवितात. गिऱ्हाईक हजार रुपये वांचले म्हणून खुष होतो, आणि चोरीच्या दिवशीं लाखानें गरीब होतो. दोन हप्त्यांची तुलना करावयाची ती दोहोंतील आय.डी.व्ही. सारखी असतांनाच करावी.

शिवाय, सात लक्षांच्या गाडीला ६,६५,००० रुपये धरले, तरी शेंकडा अकरा दराचा रस्ताकर, म्हणजे ७७,००० रुपये, व नोंदणीचा खर्च या रकमेंत नाहींतच. गाडी कर्जानें घेतलेली असेल तर भरपाई आधीं बँकेकडे जाते. गाडी गेली, ठेव मोडली आणि कर्जाचा शेवट अद्याप बाकी, अशी वेळ पहिल्या दोनतीन वर्षांत येऊं शकते. त्यासाठीं पावतीइतकी रक्कम परत देणारी एक पुरवणी मिळते. आमच्या डोक्यावर कर्ज आहे. सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर ‘ठेव’ असें आलें. ती पुरवणी आम्हीं घेतली.

दुसरी पुरवणी घसाऱ्याची. गॅरेजवाले तिला झीरो डेप म्हणतात. साध्या पॉलिसींत बदललेल्या भागाची सबंध किंमत मिळत नाहीं. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर निम्मी कापतात, फायबरग्लासवर शेंकडा ३०, कांचेवर कांहीं नाहीं, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें. हल्लींच्या मोटारींत बाहेरून पत्रा वाटणारें पुष्कळसें प्लास्टिक असतें. त्यामुळें मोठ्या अपघातांत मालकाचा वांटा अनेक हजारांवर जातो. गाडी नवी आणि हातहि नवे, तोंवर ही पुरवणी ठेवावी असें ठरलें. गाडी जुनी झाल्यावर तिचा पुन्हां विचार करूं.

तिसरी इंजिनाची. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां शेंकडों मोटारी पाण्यांत उभ्या राहिल्या. पुरानें बैठकी भिजल्या, तारा बिघडल्या, तर तें नुकसान सर्वंकष पॉलिसींत येतें. परंतु पाण्यांत बंद पडलेली गाडी पुन्हां चालू करण्याच्या खटपटींत इंजिनांत पाणी ओढलें जाऊन तें मोडलें, तर तें पुराचें नुकसान नसून मागाहून ओढवलेलें आहे, असें कंपन्या म्हणतात व तेवढी रक्कम नाकारतात. देवळाली उंचावर आहे खरी. परंतु ऑगस्ट २०१६ मधील गोदावरीचा पूर आम्हीं पाहिला आहे, आणि चिरंजीवांस कामासाठीं कसारा घाट उतरून मुंबईस जावें लागतें. इंजिन म्हणजे गाडीचा प्राण व किंमतीचा मोठा हिस्सा. ही पुरवणीहि घेतली. तिच्याहून मोलाची सूचना मात्र फुकट आहे: पाण्यांत गाडी बंद पडली तर किल्ली फिरवूं नये, ढकलून किंवा ओढून बाहेर काढावी.

उरलेल्या ओळी भराभर मिटल्या. हरवलेली किल्ली, फुटलेला टायर, गाडींतून गेलेली पिशवी, यांपुढें सूनबाईंनीं एकच शब्द लिहिला, ‘नोट’. आणि आम्हीं त्या सर्व खोडल्या.

विमा घेतला म्हणजे प्रत्येक ओरखडा कंपनीच्या माथीं मारावा, असेंहि नाहीं. १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीच्या प्रत्येक दाव्यांत पहिले हजार रुपये मालकाचेच असतात. ज्या वर्षीं दावा केला नाहीं त्याच्या पुढील वर्षीं स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यांत सवलत मिळते: पहिल्या वर्षानंतर शेंकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटीं ५०. उदाहरण घेऊं. रंग व ठोकाठोकी मिळून तीन हजारांचें काम निघालें. हजार आपले, कंपनीकडून दोन हजार आले. नुकसानीच्या भागाचा हप्ता नऊ हजार असेल तर शेंकडा वीसची सवलत, म्हणजे अठराशें रुपये, गेले. पदरांत पडले दोनशें, आणि सवलतीची शिडी पुन्हां तळापासून! ही सवलत गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकली तरी ती नव्या गाडीकडे नेतां येते. मात्र मुदत संपून नव्वद दिवस लोटले तर ती बुडते.

आतां शेवटची गोष्ट, आणि आमच्या मतें ती पुरवण्यांहून महत्त्वाची. विमा कितीहि मोठा उतरविला तरी तो आपल्या वागण्यानें फुटूं शकतो. ज्याच्यापाशीं योग्य परवाना नाहीं अशा मनुष्याच्या हातीं आपण जाणूनबुजून गाडी दिली, तर कंपनी जखमी तिऱ्हाइताला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करूं शकते. २००४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें ही रीत ठरवून दिली. शिकाऊ परवाना त्याच निकालानें वैध मानला आहे. परंतु शेजारीं पक्का परवानाधारक बसलेला असणें व गाडीवर तशी पाटी असणें हे नियम पाळावे लागतात. आमचा पुतण्या सतरा वर्षांचा आहे. “काका, छावणीच्या रिकाम्या रस्त्यावर एकच फेरी,” असा त्याचा आग्रह होता. अज्ञानानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे, ही २०१९ ची दुरुस्ती आम्हीं त्याला वाचून दाखविली. तो रुसला, अठरा पुरीं होईपर्यंत रुसूं द्यावें.

दुसरा मोह शेजारधर्माचा. “शिर्डीपर्यंत नेऊन आणा, पेट्रोल आणि वर कांहीं देऊं,” असें स्नेही सहज म्हणतात. खासगी मोटार भाड्यानें चालविणें हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. वणीला किंवा शिर्डीला कोणास नेणें असेल तर फुकट न्यावें, नाहींतर भाड्याची गाडी करून द्यावी. मधला मार्ग दोघांसहि घातक आहे.

येणेंप्रमाणें हिशेब पुरा झाला. विक्रेत्याच्या तक्त्यांतील आंकड्याहून आमचा हप्ता बराच कमी भरला आणि बंधूंच्या ‘तेवढाच’हून बराच अधिक, तरीहि कोणीं हरलें असें वाटलें नाहीं, कारण प्रत्येक ओळीचें कारण घरांतील सर्वांस ठाऊक आहे. पॉलिसीचीं पानें आल्यावर रात्रीं जेवणानंतर तीं सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचलीं. इंग्रजी कठीण, अक्षर बारीक. तरी सूनबाईंनीं अर्थ सांगितला आणि आमच्या कुटुंबानें मध्येंच दोन शंका काढल्या त्या अगदीं योग्य होत्या. ज्या घरांत मोटार आहे त्या प्रत्येक घरानें वर्षांतून एकदां, मुदत संपण्यापूर्वीं महिनाभर, असें वाचन करावें, अशी आमची सूचना आहे. गाडीचें वय, कर्जाची बाकी आणि चालविणारीं माणसें दरवर्षीं बदलतात. त्याप्रमाणें ‘काय मोडावें लागेल’ या प्रश्नाचें उत्तरहि बदलतें.

विमा पैसा देतो; गेलेलें माणूस देत नाहीं, हें आम्ही विसरलों नाहीं. गाडी हळू हांकणें, पट्टा बांधणें, रात्रींचा घाट टाळणें, हा खरा क्षेमाचा मार्ग. तो चुकला तर दुसऱ्याच्या घरचें मूल शाळेंतून उठूं नये, यासाठीं विमा. ज्या घरीं नवी मोटार येऊं घातली आहे त्यांनीं तक्ता तळापासून वर वाचावा, इतकीच विनंती.